झोपेतल्या कांड्या

आमच्या टिळकवाडीतल्या घरात माझ्या झोपेला जेवढा मान आहे तेवढा मला नाही. रात्री नऊ वाजले की सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघतात. नवरा चपला हातात घेऊन चालतो. सकाळी मी उठल्याशिवाय कुकर लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी एकदा जेवणं झाल्यावर भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तर सासूबाईंनी जिना चढून त्यांना असं काही झापलं की त्यांच्या वडिलांचा फोटो अजून सोफ्यावरच टेकवून ठेवलेला आहे.

ही सगळी बडदास्त कशासाठी, तर मला फीट येतात म्हणून. डॉक्टर अपस्मार म्हणतात, माहेरी आमच्या शहापुरातल्या गल्लीत फेफरं म्हणायचे. कॉलेजात असताना पहिली फीट आली ती घराच्या दारातच. गल्लीतल्या एका काकूंनी नाकाला चप्पल लावली, एकजण कांदा आणायला पळाला आणि समोरच्या काकांनी माझ्या मुठीत त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा कोंबला. मी शुद्धीवर आले, तरी मूठ काही सैल होईना, आणि ते बिचारे स्वतःच्या कुलूप लावलेल्या दाराबाहेर माझी मूठ उघडायची वाट बघत बसले. या इलाजांनी काहीच होत नाही, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. फीट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि गप्प शेजारी बसायचं. हे गप्प बसणं आमच्या गल्लीला कधीच जमलं नसतं.

माहेर विणकराचं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. मागाच्या खडखडाटात मी जन्मले, पाढे पाठ केले आणि झोपलेसुद्धा. माग चालू असला की गाढ झोप, बंद पडला की जाग. शाळेला जायच्या आधी रहाटावर कांड्या भरणं हे माझं काम होतं. कांडी म्हणजे विणताना इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसवतात ती सुताची लहान नळी. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून धागा सोडायचा. मला या कामाचा भयंकर कंटाळा होता, पण हात असे सरावले की वर्गात बाकावर बसल्या बसल्यासुद्धा बोटं धागा सोडत असायची.

मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, चहाच्या आधीच सांगून टाकलं, "पोरीला फीट येत्यात. गोळ्या चालू हायत. जागरण चालत न्हाय. हे चालत आसंल तर फुडं बोलू." मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थांबले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरात नवाला दिवे बंद हुतात. झोपंचं आमच्याकडं लागलं." त्या क्षणी मी त्यांच्या प्रेमात पडले. नवऱ्याकडं नीट बघायचं राहूनच गेलं, ते लग्नात बघितलं.

लग्नानंतर मोठी फीट आली नाही. वर्षं गेली, मुलगी झाली, मी एका मराठी हायस्कुलात गणित शिकवायला लागले. गोळ्या चालू होत्या, पण दुखणं संपलं असं आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

मग मी झोपेत कांड्या भरायला लागले.

पहिल्यांदा बघितलं नवऱ्यानं, पहाटे. मी डोळे अर्धवट उघडे ठेवून ओठ चाटत होते आणि उजव्या हाताची बोटं चादर चिमटीत धरून सोडत होती, धरून सोडत होती. त्यानं सकाळी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, "अहो, कांड्या भरत असेन." झालं, घरादाराला विषय मिळाला. पुढं महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा कार्यक्रम व्हायचा. नवऱ्याला वाटायचं, हिला माहेरची आठवण येते. तो दुसऱ्या दिवशी मला शहापूरला सोडून यायचा. माझी काही तक्रार नव्हती. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून झोपंतबी माहेरचं काम करती. आमचं काम तेवढं जागंपणीबी हुत न्हाय." पाहुणे हसायचे, मीही हसायचे.

त्याच सुमाराला मला विसरायला व्हायला लागलं. आणि हे विसरणं साधं नव्हतं. सूत्रं, पाढे, वर्गातल्या मुलांची नावं सगळं जागच्या जागी होतं. एखादी गोष्ट घडली की आठ-पंधरा दिवस नीट आठवायची, आणि मग फळा पुसावा तशी जायची. शिक्षकखोलीत एका बाईंशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं म्हणे. पंधरा-वीस दिवसांनी मी त्यांना डब्यातली थालिपिठं वाढली, "घ्या की, लोणीपण आहे." त्या थक्क झाल्या. तेव्हापासून शाळेत माझी ख्याती आहे की बाईंच्या नाकावर राग असला तरी मन फार मोठं आहे. कशानं मोठं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

इथवर ठीक होतं. मग एक दिवस मुलगी मोबाइलमधले फोटो दाखवत होती. एका फोटोत आम्ही दोघी एकाच प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभ्या आहोत, हातात भाजलेली कणसं आहेत, आणि मी इतकी हसतेय की मागची दाढ दिसतेय. मी विचारलं, "हे कुठलं गं?"

"आई, चेष्टा करू नको. आंबोली की. मागच्या महिन्यात."

मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि मला सगळं सांगितलं. गाडीचं चाक पंक्चर झालं, पप्पांना जॅक लावता येईना, एका माकडानं आज्जीच्या हातातलं कणीस पळवलं आणि आज्जीनं त्याला छत्री फेकून मारली. मी ऐकत राहिले. शेजाऱ्यांच्या घरची हकिगत ऐकावी तशी गंमत वाटत होती, पण त्यात मी कुठं होते ते सापडत नव्हतं.

मला भीती वाटली. फिटेची मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. फीट येते आणि जाते, हाताला खरचटतं, बरं होतं. पण माझी एकुलती एक पोर माझ्या डोळ्यांदेखत मोठी होत होती, आणि ते माझ्याजवळ राहत नव्हतं. तिचं लहानपण मला पुढं तिच्याच तोंडून ऐकायला लागणार होतं.

कारणं सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी वयाला दोष दिला, कुणी मोबाइलला. सासूबाईंनी भिजवलेले बदाम आणि ब्राह्मीचं तेल सुरू केलं. त्या तेलानं उशीचे अभ्रे हिरवे झाले, बाकी काही फरक पडला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं चाललं होतं. कळसा पहाटे आमच्याच चादरीवर होता.

शेवटी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरीणबाई मूळच्या धारवाडकडच्या, मराठी कानडी हेलात बोलतात. मी विसरण्याचं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. झोप कशी लागते, असं त्यांनी विचारलं आणि नवऱ्याची कळी खुलली. "झोपेचं विचारू नका डॉक्टर! ही झोपेत कांड्या भरते!" म्हणून त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या ओठ चाटत, बोटं हलवत साग्रसंगीत नक्कल करून दाखवली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेवढ्यात हाक मारली तर ओ देतात काय हो ह्या?"

नवऱ्याचा हात हवेतच राहिला. "हाक... हाक कधी मारली नाही. झोप मोडेल म्हणून."

"आता मारून बघा. आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा."

आता आली का पंचाईत! ज्या घरात माझी झोप मोडणं हे पाप, तिथं मी झोपले असताना व्हिडिओ काढायचा. पहिल्या दिवशी पहाटे मला जाग आली तर पलंगाभोवती तीन खुर्च्या मांडून नवरा, मुलगी आणि सासूबाई बसलेल्या, प्रत्येकाच्या हातात चहाचा कप. सासूबाई कुजबुजल्या, "आजून काय चालू झालं न्हाय." मी इतकी हसले की त्या दिवशीची झोप तिथंच संपली. पण आठवडाभरानं त्यांना व्हिडिओ मिळाला.

तो मी बघितला. माझं तोंड, माझे ओठ, माझी बोटं. नवरा हळूच म्हणतोय, "अगं ए, ऐकतीस काय?" मी ढिम्म. मग मुलीचा आवाज येतो, "आई. आई गं." आणि मी चादर चिमटीत धरून सोडतेय. लेकीनं हाक मारली आणि मी ओ दिली नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तेवढ्या एका गोष्टीला मी त्या दिवसांत रडले.

मग ईईजी करायचा ठरला. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढतात, आणि तो मला झोपेत काढायचा होता. त्यासाठी आदल्या रात्री कमी झोपा, पहाटे लवकर उठा, चहा-कॉफी घेऊ नका, म्हणजे इथं आल्यावर झोप लागेल, असं सांगितलं होतं. नवऱ्यानं गजर लावला. गजर वाजला आणि सासूबाईंनी इतक्या वर्षांच्या सवयीनं धावत येऊन तो बंद केला, दार ओढून घेतलं आणि जाता जाता माझ्या अंगावर चादरपण घातली. नवराही पुन्हा झोपला. मी उन्हं वर आल्यावर अगदी ताजीतवानी उठले.

"मेल्या सवयीनं घात केला गं," म्हणून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

वायरी लावून मी कॉटवर पडले. खोलीत अंधार, पंख्याचासुद्धा आवाज नाही. जरासुद्धा झोप येईना. आलेख काढणारा माणूस म्हणाला, "मॅडम, डोळे मिटून शांत पडा, येईल." त्याला काय सांगू, की घरातल्या शांततेची सवय झाली, पण परक्या खोलीतल्या शांततेत मला झोप येत नाही! नवऱ्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं शहापूरला माझ्या भावाला, अण्णाला, फोन लावला. अण्णा अजून माग चालवतो. फोन लांब खिडकीत ठेवायच्या अटीवर परवानगी मिळाली. अण्णानं माग सुरू केला आणि फोन मागाजवळ धरला.

खड्खड्, खड्खड्. लहानपणीची मागची खोली डोळ्यांसमोर आली, पापण्या जड झाल्या, आणि तेवढ्यात त्या खडखडाटावरून अण्णा ओरडला, "झोपलीस काय गं?"

"झोपत होते की!"

"मग झोप की. मी काय म्हणायलोय!"

आणखी एकदा त्यानं तसंच विचारलं. मग नवऱ्यानं बाहेर जाऊन दुसऱ्या फोनवरून वहिनीला सांगितलं की अण्णाचं तोंड धरा. त्यानंतर मी झोपले. उठले तेव्हा तो आलेख काढणारा माणूस गालात हसत होता, आणि शहापुरात विनाकारण हातभर साडी जास्त विणून झाली होती.

आलेख बघून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. "कांड्या भरत नाहीत ह्या. ही फीटच आहे, लहान फीट. मोठ्या फिटेसारखी दिसत नाही, म्हणून घरातल्यांना कळत नाही." दिवसभर जे घडतं ते मेंदू आधी कानशिलाच्या आतल्या बाजूला एका जागी तात्पुरतं ठेवतो. आपण झोपलो की ते पुन्हा काढतो, चाळतो आणि पक्क्या जागी नेऊन लावतो. माझी फीट उठते ती नेमकी त्याच जागेतून, आणि झोपेत. नेऊन लावण्याच्या ऐन वेळी सगळं विसकटून जातं. म्हणून आठ-पंधरा दिवस आठवायचं, आणि पुढं काही उरायचं नाही. झोप मोडली की फीट बळावते, फीट आली की झोप बिघडते, आणि दोन्हींत आठवण मार खाते. "एकाच स्वयंपाकघरातल्या तिघी जावा आहेत हो," त्या म्हणाल्या. "एकीचं बिनसलं की तिघींचं बिनसतं."

"गेलेलं परत येईल?" मी विचारलं.

"ते मी सांगत नाही. पुढचं राहावं यासाठी प्रयत्न करू."

परत येताना रिक्षातून टिळकवाडीचं रेल्वे गेट दिसल्यावर नवरा म्हणाला, "मी तुला शहापूरला सोडून यायचो गं. मला वाटायचं, आठवण येतीया." मी त्याचा हात धरला. चुकीच्या दुखण्यावर का होईना, माणसानं औषध मात्र बरं शोधलं होतं. महिन्यातून चार वेळा माहेर कुठल्या डॉक्टरनं दिलं असतं?

गोळ्या बदलल्या. पहिले काही आठवडे पेंग यायची, वर्गात फळ्यावर लिहिताना मी एकदा खडूसकट जांभई दिली. मग बसलं सगळं. रात्री उशाशी मोबाइलवर मागाचा आवाज लावून झोपायला लागले. नवऱ्याला त्या आवाजानं झोप येत नाही, पण तो बोलत नाही, कानात कापूस घालतो. चादर शांत झाली. सासूबाईंना थोडं चुकल्यासारखं झालं असावं. पाहुण्यांना सांगायला आता काही उरलं नव्हतं.

पण आठवणींचं काय? ते लगेच कळणार नव्हतं. शिवाय एक अडचण होती. घरातल्यांनी मला इतकी सवय लावली होती की कुठलीही गोष्ट घडून गेली की तिघंही मला ती दहा वेळा सांगायचे, फोटो दाखवायचे. त्यामुळं मला खरंच आठवतंय, की ऐकून ऐकून पाठ झालंय, हे माझं मलाच समजेना. गणिताच्या बाईंना उत्तर आधी सांगून मग गणित घातल्यासारखं होत होतं ते.

यावर तोडगा काढला मुलीनं.

दसऱ्याच्या आधी आम्ही निपाणीला नणंदेकडं गेलो होतो, तिच्या मुलाच्या वाढदिवसाला. आमच्या सासूबाईंना अंडं चालत नाही. अंड्याच्या चमच्यानं ढवळलेला चहासुद्धा त्या ओतून टाकतील. तिथं त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि वर तिसरा मागून घेतला. येताना आम्ही बसनं आलो. नवरा पुढं उभा, सासूबाई समोरच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या. संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मुलगी माझ्या कानाला लागली आणि तिनं एक गुपित सांगितलं. मग म्हणाली, "हे जगात दुसऱ्या कुणालाच म्हाईत न्हाय. याचा फोटो न्हाय. तू लिहून ठेवायचं न्हाय. आपण दोघींनी परत याच्यावर बोलायचं न्हाय. दिवाळीला मी विचारणार."

"आणि नाही आठवलं तर?"

तिनं थोडा विचार केला. "तर मी तुला परत सांगीन. पण विचारणार."

गणिताच्या बाईंची मुलगी शोभते. मी तो सगळा काळ परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा काढला. गुपित मनात घोळवायचं नाही असंही मी ठरवलं, नाहीतर ती घोकंपट्टी झाली असती. दसरा झाला, चिवड्याचे पोहे भाजून झाले, करंज्या झाल्या.

नरकचतुर्दशीला आंघोळी उरकून आम्ही सगळे फराळाला बसलो. सासूबाई चकली मोडत होत्या. मुलीनं लाडू तोंडाजवळ नेला आणि माझ्याकडं बघितलं. "आई. संकेश्वर."

नवरा म्हणाला, "संकेश्वर काय?" तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तिच्या ओठांवर हसू होतं, पण लाडू हातात थांबला होता.

मी सासूबाईंकडं वळले. "आत्या, पुढच्या वेळी निपाणीला गेलो की त्यांना तोच केक आणायला सांगूया? तुम्हाला आवडला होता."

"व्हय गं!" सासूबाई खूश झाल्या. "लई मऊ हुता. आपल्याकडच्या बेकरीत तसा मिळत न्हाय बघ. काय घालत्यात कुणास ठाऊक."

मुलीच्या घशात लाडू अडकला. नवरा तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागला, सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या. तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"खरंच आठवतंय? तुझं तुला?"

"केकच्या बॉक्सवर हिरवा ठिपका नव्हता, तांबडा होता. अंड्याचा केक. तू एकटीनं बघितलास आणि बॉक्स घडी घालून कचऱ्याच्या पिशवीत तळाला घातलास. आज्जी तेव्हा तिसरा तुकडा खात होती."

ती नाचायलाच लागली. मी म्हटलं, "थांब, अजून आहे. तू शेंगा खात होतीस. भाजलेल्या. तुझ्या खालच्या ओठाला एक फोलपट चिकटलं होतं आणि ते माझ्या कानाला टोचत होतं. पहिल्यांदा सांगताना तुला इतकं हसू आलं की शब्दच फुटेना, नुसता कानात वारा. दोनदा सांगावं लागलं तुला. खाली कंडक्टर एका म्हाताऱ्याला कानडीत ओरडत होता, आणि तू सांगता सांगता माझ्या कानातली रिंग दोन बोटांनी धरून ठेवली होतीस, लहानपणी दूध पिताना धरायचीस तशी."

मुलगी नाचायची थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, हे मलाच आठवत न्हाय."

बाहेरून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दार वाजवत होत्या.

"नसू दे," मी म्हटलं. "बस की इथं. मी सांगते."

आणि मी तिला निपाणीच्या स्टँडपासून सगळं सांगायला सुरुवात केली.